कळव्याच्या पुलावरून बुगाटी

जे. आर. डी. टाटा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? विमान. एअर इंडियाचा तो मिशाळ महाराजा. फार तर जमशेदपूर, टेल्कोचे ट्रक आणि भारतरत्न. मला मात्र गेला महिनाभर त्यांची मोटार आठवतेय. तिशी गाठायच्या आधी या माणसाकडे एक बुगाटी होती. फ्रान्समध्ये तयार होणारी, शर्यतीत पळणारी गाडी. वर छप्पर नाही, चाकांवर मडगार्ड नाही. अशी ती बुगाटी घेऊन जेआरडी मुंबईहून पुण्याला अडीच तासांत पोचले होते, ही हकीकत त्यांच्या चरित्रात येते. काळ १९२०च्या दशकाचा. एक्स्प्रेस वे नाही, बोगदे नाहीत. बोरघाटाची वळणं आणि रस्ताभर बैलगाड्या. अंतर सुमारे १२० मैल. म्हणजे ताशी सरासरी जवळजवळ ७७ किलोमीटर! आज शनिवारी सकाळी निघालं, तर एक्स्प्रेस वे असूनही तेवढ्या वेळात पुण्याला पोचू याची खात्री नाही.

आता यात कळव्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. आहे ना! कळवा-मुंब्र्याच्या कितीतरी इमारतींच्या पत्त्यात अजून जुना मुंबई-पुणे रस्ता असं लिहिलेलं असतं. आम्ही ते इतक्या वर्षांत इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा अर्थ काय, हे मनातही येत नाही. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ साली. त्याआधी मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचं तर ठाण्याला यायचं, कळव्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची, मुंब्र्याच्या डोंगराखालून शीळ फाटा, मग पनवेल, खोपोली आणि घाट. तेव्हा जेआरडींची ती बुगाटी आमच्या दगडी पुलावरून धडाडत गेलीच असणार. तो जुना पूल आता गाड्यांसाठी बंद आहे. शेजारी नवे पूल झाले, अगदी अलीकडचा २०२२ साली. पण जुन्या कमानी अजून खाडीच्या पाण्यात पाय रोवून उभ्या आहेत. लोकलमधून दिसतात.

हे सगळं डोक्यात यायला कारण झालं माझ्या भाचीचं. तिने कुणाकडून तरी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीटची, उघड्या टपाची, जमिनीला चिकटून चालणारी. आणि फर्मान काढलं की मावशी, आपण दोघी कोकण करायचं. हमरस्त्याने नाही, समुद्राच्या कडेकडेने. अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत. गाडी ती चालवणार आणि बेत मी आखायचा. मी पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकलेली बाई, मला कुणी गाडीच्या कामात विचारतंय याचाच आनंद! वही-पेन्सिल घेऊन बसलेच.

पण तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ते ऐकून गप्प झाली ती झालीच. भांडली असती तर बरं होतं. तिचे यजमान बारा वर्षांपूर्वी गोव्याच्या हमरस्त्यावर अपघातात गेले. त्यानंतर आमच्या घरात वेग हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. आणि आता त्याच माणसाची मुलगी लाल रंगाची पळती गाडी दारात उभी करते. मुलीला अडवावं तर ती सत्तावीस वर्षांची, स्वतः कमावती. जा म्हणावं तर जीभ रेटत नाही. मधल्यामध्ये मी.

अशा वेळी माणूस कुणाचं तरी आयुष्य उघडून बघतो. मी जेआरडींचं बघितलं. कारण वेगाचं वेड आणि त्याची किंमत, दोन्ही त्यांच्या घरात होतं. आणि त्याची सुरुवात झाली एका बाईपासून.

ती बाई म्हणजे त्यांची आई. सुझान ब्रिएर, फ्रेंच. जमशेदजी टाटांचे चुलत नात्यातले आर. डी. टाटा यांच्याशी तिचं १९०२ साली लग्न झालं. पारशी रीतीने धर्मात घेतली, नाव ठेवलं सूनी. १९०५ साली ही सूनी मुंबईत मोटार चालवत होती. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. विचार करा, आपल्या पणज्या तेव्हा डोक्यावरचा पदर ढळू न देता बैलगाडीत मागे बसत होत्या.

पण मोटार चालवू दिली म्हणून आपलं म्हटलं, असं होत नाही. सूनीला पारशी समाजात घ्यायचं की नाही, यावर थेट कोर्टात खटला उभा राहिला. १९०८ सालचा तो निकाल पारशी पंचायतीचा खटला म्हणून आजही कायद्याच्या पुस्तकात शिकवतात. निष्कर्ष एवढाच, की पारशाशी लग्न करून धर्म स्वीकारला, तरी परक्या बाईला पंचायतीच्या अग्यारीवर आणि दख्म्यावर हक्क नाही. मुंबईच्या रस्त्यावर तिला जागा होती, मरणानंतर नव्हती. सासरच्या माणसांत उभं आयुष्य काढून शेवटी परकीच ठरलेल्या बायका आपण काय कमी पाहिल्यात?

जेआरडींचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४चा. पाच भावंडांत दुसरे. बालपण कधी पॅरिस, कधी मुंबई, पहिल्या महायुद्धाच्या काळात काही दिवस जपान. घरात आईची भाषा फ्रेंच, त्यामुळे इंग्रजी मागाहून पक्कं झालं. उन्हाळ्यात सगळं कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाच्या गावी जायचं. समोर इंग्लिश खाडी, लांबच लांब वाळू. आणि शेजारी कोण? लुई ब्लेरिओ! १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा. त्याची विमानं त्या वाळूवर उतरायची. शेजारच्या अंगणात बाकीच्यांच्या मुलांना सायकली दिसतात, या मुलाला विमानं दिसली. पंधरा वर्षांचा असताना त्याच किनाऱ्यावर पैसे भरून एक चक्कर मारायला मिळाली आणि त्या दिवशी ठरलं की आपण उडायचं.

म्हणजे बघा, समुद्रकिनारा आणि वेग यांचं नातं या माणसाच्या आयुष्यात तिथेच जुळलं.

आई क्षयाने गेली १९२३ साली. तेव्हा जेआरडी एकोणीस वर्षांचे. पुढे फ्रेंच नागरिक म्हणून सैन्यात नोकरी करावी लागली. केंब्रिजला जाऊन इंजिनीअर व्हायचं मनात होतं, पण वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं. १९२५च्या डिसेंबरमध्ये टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांचा पोरगा, पाठीवर भावंडं, शिक्षण अर्धवट राहिलेलं. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती आणि ही सल त्यांना बरीच वर्षं होती, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. एवढा मोठा माणूस, रात्री जागून पोलाद आणि हिशेबाची पुस्तकं वाचायचा.

बुगाटी आली ती याच दिवसांत. मला वाटतं, हे समजून घ्यायला फार मानसशास्त्र लागत नाही. अंगावर अचानक जबाबदारी पडलेली तरुण माणसं असंच काहीतरी करतात. कुणी डोंगर चढतं, कुणी रात्रभर गाणी ऐकतं, कुणी गाडी पळवतं. माझ्या भाचीकडे बघताना मला हे उमगलं. वडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तेव्हापासून ती घरातली मोठी माणूस आहे. विजेचं बिल, आईचं बीपी, धाकट्याची फी. पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काही घेतलं, ते हे.

त्या पळत्या गाडीने जेआरडींना अडचणीतही आणलं. भरधाव गाडी चालवल्याच्या एका प्रकरणात पोलिसांचं लचांड मागे लागलं. त्यातून सुटायला गाठले जॅक विकाजी नावाचे नामांकित वकील. त्या वकिलांची पुतणी थेल्मा. ओळख झाली, वाढली आणि १५ डिसेंबर १९३० रोजी लग्न झालं. कोर्टाच्या भानगडीतून जमलेलं हे बहुधा टाटा घराण्यातलं एकमेव लग्न! थेली, म्हणजे थेल्मा, चित्रं छान काढायची. दोघांचा संसार साठ वर्षांच्या वर चालला. मूल झालं नाही. म्हातारपणी थेली आजारी पडल्यावर जेआरडी तिच्यासाठी घरी थांबू लागले, हे मी वाचलं तेव्हा बुगाटीतला तो तरुण मला जास्त आवडायला लागला.

दरम्यान विमान हाती आलंच होतं. १० फेब्रुवारी १९२९ला भारतात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना, नंबर एक, त्यांच्या नावाचा. १९३०च्या शर्यतीसाठी आगा खानांनी बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने ठरलेल्या मुदतीच्या आत उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनीअर नावाचा एक कोवळा पोरगा इंग्लंडहून निघाला होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबूकीरच्या तळावर. अस्पी तिथे अडकून बसला होता. विमानाचा स्पार्क प्लग खराब, दुसरा जवळ नाही. जेआरडींकडे जादा होता. त्यांनी तो काढून दिला. प्रतिस्पर्ध्याला! अस्पीने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. शर्यत अस्पी जिंकला, काही तासांच्या फरकाने. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दिलदारपणाचा धडा म्हणून सांगतात. ठीकच आहे. पण माझ्यासारख्या डबा भरणाऱ्या बाईला त्यात दुसरंच दिसतं. जेआरडींच्या सामानात जादा प्लग होता! एका छोट्या विमानात, जिथे एकेक शेर वजन मोजून घ्यायचं, तिथे त्यांनी बिघाड होणार असं धरून तयारी केली होती. ज्याला फक्त पळायचं असतं, तो जादा प्लग घेत नाही. ज्याला पोचायचं असतं, तो घेतो. आणि ज्याच्याकडे जादा असतो, तोच दुसऱ्याला देऊ शकतो.

मी वहीत पहिल्या पानावर लिहिलं : जादा काय काय घ्यायचं.

आता थोडं त्या वहीबद्दल. कारण तुमच्यापैकीही कुणी अशी सफर आखत असेल. कळव्याहून निघालं की विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्ता, पनवेल, पळस्पे, पेण, वडखळ करत अलिबाग. शंभरेक किलोमीटर. पहिली परीक्षा घराजवळच, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. बसायला उंच असलेल्या गाडीला ते जमून जाईल, पण या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंचीवर. म्हणून जून ते सप्टेंबर बाद. तसंही पावसाळ्यात खाडीतल्या फेरीबोटींचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम दिवस, उघड्या टपाच्या गाडीत ऊनही सोसवतं.

अलिबागनंतर चौल, रेवदंडा, काशीद, मुरुड. खरी मजा पुढे. कोकणचा किनारा सरळ नाही, दर पन्नास-साठ किलोमीटरला खाडी आडवी येते. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची चर्चा आमच्या लग्नाआधीपासून ऐकतेय. मोठ्या खाड्यांवर पुलांचे बेत आहेत, तोवर गाडी बोटीत चढवायची. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीत तवसाळ ते जयगड. अशा चार बोटी. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीची फळी वरखाली होते. ओहोटीला ती चढण इतकी तिरकी होते की खालच्या पोटाची गाडी घासणार हे नक्की. म्हणून माझ्या वहीत मुक्कामांच्या आधी भरतीच्या वेळा आहेत. कोळणींना तिथी विचारली की त्या घड्याळ न बघता सांगतात.

दिवेआगरहून आरावी, शेखाडी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता तर अगदी पाण्याच्या काठाने जातो. पुढे हरिहरेश्वर. बोटीपलीकडे बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. दापोलीजवळचं मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव, तिथे आपल्यासारख्यांनी पाच मिनिटं थांबलंच पाहिजे. मग दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. जयगडला उतरलं की मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा तो प्रसिद्ध घाट, जिथून दोन्ही पुळणी एकदम दिसतात. शेवट रत्नागिरीत. पाच दिवस, चार रात्री. दिवसाला शंभर किलोमीटरच्या आसपास, जास्त नाहीच. अंधार पडायच्या आत मुक्कामाला. दोन सीटच्या गाडीत डिकी म्हणजे जेमतेम भाजीची पिशवी. तेव्हा प्रत्येकी एक छोटी बॅग, टायरमध्ये हवा भरायचा पंप, पंक्चर काढायचं सामान, पाणी, औषधं, टॉर्च, रोख पैसे. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, पुढे मिळेल म्हणून सोडायचं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर भाची हसली. तिचं म्हणणं असं, की मावशी, एवढ्या हळू जायला स्पोर्ट्स कार कशाला, बैलगाडीच काढू या की! तेव्हा मी तिला जुहूची गोष्ट सांगितली.

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडींनी कराचीहून टपालाची थैली घेऊन एका इंजिनाचं छोटं पुस मॉथ विमान उडवलं. अहमदाबादला उतरले. तिथे विमानात भरायचं पेट्रोल बैलगाडीतून आलं, डब्याडब्यांनी! मग मुंबई. तेव्हा मुंबईला धावपट्टी अशी नव्हती. जुहूला समुद्राकाठच्या सपाट चिखलजमिनीवर विमान उतरवायचं. पावसाळ्यात ती जागा पाण्याखाली जायची, की सगळा कारभार पुण्याला हलवायचा. तिथून नेव्हिल विन्सेंट नावाचा वैमानिक टपाल मद्रासला घेऊन गेला. हीच टाटा एअरलाइन्स, हीच पुढे एअर इंडिया. जगाला अभिमान वाटावा अशा विमान कंपनीच्या पहिल्या दिवशी बैलगाडी होती. म्हणजे वेगवान गाडीला हळू गाडीचा हात लागतोच.

चौथ्याच वर्षी, १९३६ला, घरात घाला पडला. जेआरडींचा धाकटा भाऊ जमशेद, लाडाचं नाव जिमी, विमान अपघातात गेला. अगदी तरुण. मी इथे बराच वेळ थांबले. मोठ्या भावाकडे बघूनच धाकटे शिकतात, हे कुणाही घरातल्या मोठ्याला सांगावं लागत नाही. जेआरडींच्या मनात काय झालं असेल, याचा अंदाज मी करणार नाही. त्यांनी पुढे काय केलं, ते मात्र सगळ्यांसमोर आहे. उडणं सोडलं नाही आणि कंपनी बंद केली नाही. पण टाटांच्या विमानसेवेत वेळ, तपासणी, स्वच्छता यांबद्दल त्यांचा हेका असा, की लोक त्यांना घाबरायचे. एअर इंडियाच्या विमानातून स्वतः प्रवास करताना बारीकसारीक टिपणं काढायचे. खुर्ची नीट मागे जाते का, चहा आणि कॉफीचा रंग सारखाच दिसतोय का, न्हाणीघर स्वच्छ आहे का. घरात पाहुणे यायच्या आधी आपण बायका जशी नजर फिरवतो, अगदी तशी.

१९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९९१ला रतन टाटांकडे सूत्रं देईपर्यंत, म्हणजे ५३ वर्षं. या काळात १९४१ला परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं. आपल्यातल्या किती घरांनी त्या पायऱ्या चढल्या आहेत! १९४५ला होमी भाभांची टीआयएफआर, त्याच वर्षी टेल्को. ८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबई-लंडन पहिलं उड्डाण. १९५३ला सरकारने विमानसेवा ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपदी तेच राहिले. १९७८ला मात्र सरकारने त्यांना दूर केलं. स्वतः वाढवलेलं लेकरू असं काढून घेतलं गेलं. ते टाटांच्या घरी परत आलं २७ जानेवारी २०२२ला, तेव्हा जेआरडी जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

आपल्या पानावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९७४ साली टेल्कोने इंजिनीअर हवेत अशी जाहिरात दिली आणि मुलींनी अर्ज करू नये असं खाली छापलं. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने चिडून थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ती टेल्कोच्या कारखान्यातली पहिली महिला इंजिनीअर झाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. पुढे एका संध्याकाळी त्या बॉम्बे हाऊसबाहेर नवऱ्याची वाट बघत उभ्या होत्या, तेव्हा उशीर झालाय म्हणून जेआरडी स्वतः त्यांच्यासोबत थांबले, ही आठवण सुधाताईंनीच लिहिली आहे. मोटार चालवणाऱ्या आईचा मुलगा होता तो. कुटुंब नियोजनाचा आग्रहही त्यांनी पन्नासच्या दशकापासून धरला. तेव्हा मोठमोठ्या लोकांना तो पटत नव्हता. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्येच्या कामासाठी त्यांना गौरवलं, त्याच वर्षी भारतरत्न मिळालं.

पण मला सगळ्यांत मोठं वाटलं ते वेगळंच, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९७९ साली टाटा स्टीलने एक नियम केला. कामगार कामासाठी घरातून बाहेर पडला, की तेव्हापासून परत घरी पोचेपर्यंत तो कामावर आहे असं धरायचं. वाटेत त्याला काही झालं, तर जबाबदारी कंपनीची.

कळव्यात राहणाऱ्या बाईला या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको. इथे सकाळी आठची लोकल म्हणजे काय, ते आपण रोज बघतो. डोंबिवलीहून भरून आलेल्या डब्यात पाय टेकवायला जागा नसते, मुलं दारात लटकतात. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं पडली आणि जीव गेले. घरातून निघालेला माणूस घरी येईपर्यंत कुणाचा? बहुतेकांच्या बाबतीत कुणाचाच नाही. घरात दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईचा तेवढा. जेआरडींच्या कंपनीने निदान आपल्या माणसांपुरतं म्हटलं, की रस्त्यावरही तो आमचा.

विशीत मडगार्ड नसलेली गाडी पिटाळणारा तरुण आणि घर ते कारखाना या वाटेची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष. माणूस एकच. मधल्या पन्नास वर्षांत त्याने वेग सोडला नव्हता, हे महत्त्वाचं. १५ ऑक्टोबर १९८२ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी पुन्हा एकट्याने कराची ते मुंबई विमान आणलं. तसंच जुनं, छोटं, एका इंजिनाचं लेपर्ड मॉथ. पुन्हा जुहूलाच उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ला जिनिव्हात ते गेले. दफन पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत झालं, जिथे त्यांचे आई-वडील आहेत. जिला इथे जागा नाकारली होती, त्या आईजवळ.

हे सगळं मी माझ्या बहिणीला सांगितलं. एका बैठकीत नाही, दोन-तीन दुपारी, मेथी निवडता निवडता. जिमीचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. टाटा स्टीलच्या नियमाचं सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने आली. आल्यावर तिने माझी वही मागितली. भरतीच्या वेळा, मुक्काम, पेट्रोल पंप, सगळं वाचलं. मग एक अट घातली. रोज तिन्हीसांजेच्या आत मुक्कामी पोचल्याचा फोन. आणि जादा सामानाच्या यादीत स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली, गाडीचा जादा फ्यूज.

भाचीने अट मान्य केली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरतंय. विटाव्याच्या पुलाखालून पहाटे सहालाच सुटायचं, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसची गर्दी लागणार नाही.

तुमच्याही घरात कुणी अशी गाडी दारात आणून उभी करेल. मुलगी असेल, सून असेल, कदाचित तुम्ही स्वतःच. अडवायचं की सोडायचं, एवढेच दोन मार्ग असतात असं आपल्याला वाटतं. तिसराही असतो. शेजारी बसून यादी करायची. जादा प्लग कुणाकडे आहे, भरती किती वाजता आहे, फोन कुणाला करायचा आहे. वेगाची भीती मी काही तुम्हाला विसरायला सांगणार नाही. ती बाळगूनच, नीट तयारी करून निघा, आणि वाटेत कुणी अडकलेलं दिसलं तर थांबा.